प्रवाळांचा रंग आणि पाण्याची नाडी

बाजारकुणंग हे माझे गाव. उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्याचे हे टोक सह्याद्रीच्या दाट रानात आहे. समुद्र पाहायचा तर घाट उतरून कारवार गाठावे लागे. अशा गावच्या माणसाने पुढे इंग्लंडात दिवाणखान्यात तीनशे लिटरचा समुद्र मांडावा, याचे आपल्या मंडळातील मित्रांना नेहमीच हसू येत आले आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने त्या समुद्राविषयी, आणि त्यात माझ्या हातून घडलेल्या एका चुकीविषयी, चार शब्द लिहितो. चूक पाण्यातली असली तरी ती वैद्यकाच्या पद्धतीची होती, म्हणून ती आपल्यापुढे ठेवणे योग्य वाटते.

प्रवाळ हा प्राणी आहे हे आपण शाळेत शिकलो. त्याच्या ऊतींत सूक्ष्म एकपेशीय शैवाल राहतात. ते प्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देतात. या शैवालांचा रंग तपकिरी. हिरवा, जांभळा, गुलाबी असे जे रंग आपल्याला भुरळ घालतात ते बहुतांशी प्रवाळाने स्वतः घडवलेल्या प्रथिनांचे असतात. जेलीफिशमधील ज्या हिरव्या चकाकत्या प्रथिनाच्या शोधाला आणि विकासाला २००८ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच कुळातली ही प्रथिने. त्यांतील लाल प्रथिनाचा शोध रशियन शास्त्रज्ञांनी १९९९ साली प्रसिद्ध केला. आज प्रयोगशाळांत पेशी रंगवून पाहण्यासाठी त्याचा सर्रास उपयोग होतो.

यावरून रंगाचे निदान सोपे होते. पाण्यात नायट्रेट व फॉस्फेट वाढले की शैवालांची संख्या वाढते आणि तपकिरी छटा बाकीचे रंग झाकून टाकते. उलट ताणामुळे शैवाल बाहेर टाकले गेले की ऊती पारदर्शक होऊन खालचा चुन्याचा सांगाडा पांढरा दिसू लागतो.

माझ्या टाकीतील अ‍ॅक्रोपोरा व माँटिपोरा जातीचे अकरा प्रवाळ दोन वर्षे उत्तम रंगात होते. मग ते हळूहळू मातकट झाले. पाणी तपासले. क्षारता हजारी ३५, म्हणजे समुद्राइतकीच. परंतु नायट्रेट लिटरमागे ४० मिलिग्रॅम, फॉस्फेट ०.३, कॅल्शियम ३८०, मॅग्नेशियम ११५० आणि अल्कता अवघी ६ अंश. नैसर्गिक समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम सुमारे ४१०, मॅग्नेशियम सुमारे १३०० आणि अल्कता ७ अंशांच्या आसपास असते. निदान उघड होते. उपचारात मात्र मी घाई केली. एका रात्रीत सोडियम बायकार्बोनेट घालून अल्कता १० वर नेली आणि फॉस्फेट शोषून घेणारे लोहाचे दाणे दुप्पट मात्रेत टाकले. दुसऱ्या दिवशी सर्व आकडे पुस्तकात शोभतील असे आले. तिसऱ्या दिवशी फांद्यांची टोके पांढरी पडली, ऊती सोलून निघू लागल्या. आठवडाभरात अकरांपैकी सात प्रवाळ गेले.

त्याच आठवड्यात वॉर्डातील एका तरुण सहकाऱ्याला मी बजावून सांगितले होते की जुनाट सोडियम न्यूनता चोवीस तासांत आठ एककांहून अधिक भरून काढायची नाही, मेंदूला इजा होते. शरीराने महिनोन्‌महिने जुळवून घेतलेले असते. आकडा चुकीचा असला तरी त्याला धक्का देऊन सरळ करू नये. हे मी रुग्णाबाबत विसरलो नसतो. टाकीबाबत विसरलो.

पुढच्या महिन्यात गावी जाणे झाले. पावसाळा होता, लावणी नुकतीच आटोपली होती. काकांच्या एका वाफ्यातील भात इतरांहून गडद हिरवे दिसत होते. मी कौतुक केले तर काका म्हणाले, "डॉक्टर, ते आरोग्य नव्हे. युरिया जास्त पडला आहे. हे भात वाऱ्याला आडवे होईल आणि कीड आधी इथेच येईल."

"मग आता उपाय काय, काका?"

"पडलेले काही वेचून काढता येत नाही. पाणी सोडायचे, नवे घ्यायचे, आणि थांबायचे. शेत आहे ते, खाट नव्हे झाडून घ्यायला."

मी टाकीची हकिकत त्यांना सांगितली नाही. सांगायचे धैर्य झाले नाही, हे खरे.

परतल्यावर प्रथम कारण शोधले, जे खरे तर आधी शोधायला हवे होते. इंग्लंडात पुष्कळ ठिकाणी जुन्या नळांतील शिसे पाण्यात उतरू नये म्हणून पाणीपुरवठ्यात मुद्दाम फॉस्फेट मिसळतात. माणसाला ते हितकारक, प्रवाळाला नव्हे. माझ्या गाळणयंत्रातील रेझीन संपले होते. गाळलेल्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे मोजमाप शून्य यावयास हवे, ते ३८ आले. म्हणजे बाष्पीभवनाची तूट भरताना रोज मीच फॉस्फेट घालत होतो.

रेझीन बदलले. माशांचे खाद्य निम्मे केले. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलू लागलो. मॅग्नेशियम आधी घेतले, तेही दोन आठवड्यांत १३०० पर्यंत. येथे आपल्याला एक ओळखीची गोष्ट भेटते. मॅग्नेशियम कमी असलेल्या रुग्णात कॅल्शियम कितीही दिले तरी टिकत नाही. टाकीतही तसेच होते. कारणे मात्र वेगळी आहेत. शरीरात प्रश्न पॅराथायरॉइड संप्रेरकाचा असतो. पाण्यात मॅग्नेशियम चुन्याच्या स्फटिकांची वाढ रोखून धरते. ते उणे पडले की कॅल्शियम व कार्बोनेट प्रवाळाच्या सांगाड्याऐवजी पंपावर आणि हीटरवर चुना होऊन बसतात. त्यानंतर अल्कता दिवसाला अर्धा अंश या वेगाने ८ वर आणली. प्रवाळ सांगाडा बांधताना लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम वापरतो तेव्हा सुमारे २.८ अंश अल्कताही वापरतो, म्हणून दोहोंची भरपाई नेहमी जोडीने करावी.

सामू ७.८ वर अडला होता. थंडीत दारेखिडक्या बंद, घरात माणसे. हवेतील कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरत होता. श्वसनजन्य आम्लताच ती. फेस काढणाऱ्या यंत्राची हवेची नळी खिडकीबाहेर काढली आणि सामू ८.१ झाला. औषध काहीच लागले नाही.

फॉस्फेट ०.०५ व नायट्रेट ५ वर यायला तीन महिने लागले, आणि मी ते शून्यावर नेले नाही. साउदॅम्प्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले आहे की नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट अत्यल्प अशा असमतोलात प्रवाळ उष्णता व प्रकाशाचा ताण सोसू शकत नाहीत. माझ्या सात प्रवाळांवर, अल्कतेच्या धक्क्याबरोबर, बहुधा अशीच उपासमार ओढवली होती. उरलेल्या चारांपैकी एकाची टोके दुसऱ्या महिन्यात हिरवी झाली. पाचव्या महिन्यात दुसऱ्यावर जांभळी झाक आली, नंतर तिसराही सावरला. चौथा जिवंत आहे, तपकिरीच आहे.

गावाकडे पुतण्याने हे फोटो पाहिले आणि बाजारकुणंगच्या घरी अशीच टाकी मांडण्याचा हट्ट धरला. त्याला मी स्पष्ट नकार दिला. भारतात २००१ पासून सांगाडा बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. समुद्रातून ते काढणे हा वाघाला हात लावण्याइतकाच गंभीर गुन्हा. व्याघ्र प्रकल्पाच्या तालुक्यात वाढलेल्या मुलाला ही तुलना लगेच समजली. शिवाय प्रवाळ पाहण्यासाठी टाकीची गरजच काय? मालवणच्या समुद्रात ते आहेत आणि तेथे १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालेले आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेस खोल समुद्रात आंग्रिया बँक आहे, आणि आमच्याच जिल्ह्यात मुर्डेश्वरसमोर नेत्राणी बेट आहे.

तेथील प्रवाळांचे दुखणे माझ्या टाकीहून फार मोठे आहे. जगभरातील प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी लाट सुरू असल्याचे शास्त्रज्ञांनी एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले. टाकीतील उष्णता मी कळ फिरवून उतरवतो. अरबी समुद्राला ती सोय नाही.

पुढच्या हिवाळ्यात पुतण्याला नेत्राणीला न्यायचे ठरले आहे. काकांनाही बोलावले. ते म्हणाले, पोहायला येत नाही, पण बोटीत बसेन. आमच्या तालुक्यात उगम पावणारी काळी नदी कारवारजवळ समुद्राला मिळते. वाफ्यातून सोडलेल्या पाण्याबरोबर युरिया कुठवर जातो, ते त्यांना तेथे बसून विचारायचे आहे. आणि त्या सात प्रवाळांची हकिकतही तेव्हाच सांगेन म्हणतो.