शिक्षक पडद्यावर, घोडा मैदानात

घोडेस्वारीचा शिक्षक म्हटला की रिंगणाच्या मधोमध उभा राहून ओरडणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. २०२० च्या टाळेबंदीत युरोप-अमेरिकेतले अनेक क्लब बंद झाले आणि हा माणूस मोबाइलमध्ये गेला. स्वारामागे आपोआप वळणाऱ्या स्टँडवर फोन, स्वाराच्या कानात इअरफोन आणि शिक्षक दुसऱ्या शहरात, कधी दुसऱ्या देशात. टाळेबंदी उठली, तरी ही पद्धत टिकून आहे.

घोडा कसा शिकतो हे पाहिले, तर यातली अडचण कळते. टाचेचा हलका दाब आला आणि घोडा पुढे निघाला, की दाब त्याच क्षणी सुटायला हवा. सुटका हेच त्याचे बक्षीस. उशीर झाला, तर सुटका कशामुळे झाली हे त्याला उमगत नाही. दाब चालूच राहिला, तर तो दाबाकडे काणाडोळा करायला शिकतो. मग स्वार जोरात टाच मारतो, पुढे चाबूक येतो. व्हिडिओ कॉलवर आवाज जरा उशिराच पोहोचतो, त्यामुळे ‘आता सोड’ असे दुरून सांगून भागत नाही. तो क्षण स्वारालाच ओळखावा लागतो. माझ्या मते या पद्धतीचा खरा फायदा हाच. स्वाराला बाजूला करून घोडा ‘सरळ करून’ देणे शिक्षकाच्या हातातच नसते.

ही शिकवण जुनीच आहे. ग्रीक सेनानी झेनोफनने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. रागाच्या भरात घोड्याला हाताळू नये, असे त्याने त्यात बजावले आहे.

आता त्याला विज्ञानाची जोड मिळाली आहे. ब्रिटिश पशुवैद्य स्यू डायसन आणि सहकाऱ्यांनी स्वार पाठीवर असतानाच्या २४ लक्षणांची यादी केली: कान बराच वेळ मागे पाडणे, तोंड वारंवार उघडणे, शेपटी झटकत राहणे, मागचे खूर घासत नेणे वगैरे. त्यांपैकी ८ किंवा अधिक दिसली, तर हाडे-स्नायूंचे दुखणे असण्याची शक्यता मोठी. ‘हट्टी’ घोडा पुष्कळदा दुखण्याने बेजार असतो! रिंगणात निसटणारी ही लक्षणे चित्रफीत थांबवून, मागे नेऊन पाहता येतात.

कॅमेरा शिक्षकालाही सोडत नाही. शिकवताना घोड्याला चाबकाने वारंवार मारल्याची जुनी चित्रफीत पुढे आली आणि ऑलिंपिक विजेत्या शार्लट ड्युजार्डिनला २०२४ च्या पॅरिस स्पर्धेतून माघार घ्यावी लागली.

अर्थात, पडद्यावरून घोड्याच्या पायाला हात लावता येत नाही. सूज, ऊब, खोगिराखाली दुखरी झालेली पाठ हे पशुवैद्याने प्रत्यक्षच तपासायला हवे. नवख्याने तर मैदानात जाणता माणूस हजर नसेल, तर घोड्यावर बसूच नये. आणि तास सुरू करण्याआधी नाकपट्टी व नाकाचे हाड यांच्यामध्ये मोठ्या माणसाची दोन बोटे सहज जातात का, हे कॅमेऱ्यासमोर दाखवावे.