घाटीतली लाल गोळी आणि ल्युसी विल्स

‘शरीर सात वर्षांत पूर्ण नवं होतं म्हणतात, मग रक्तदानानंतर तीन महिने थांबायला का लावतात?’ असं संभाजीनगरच्या एका वाचकाने विचारलं आहे.

सात वर्षांचा हा हिशेब कुठल्याच अवयवाला लागू पडत नाही. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत बदलतं. मेंदूच्या बाह्यपटलातल्या चेतापेशी मात्र जन्मभर त्याच राहतात. हृदयाच्या स्नायूपेशी पंचविशीत वर्षाला जेमतेम १ टक्का बदलतात. स्टॉकहोमचे संशोधक योनास फ्रिसेन यांनी हे अणुचाचण्यांतून हवेत पसरलेल्या कार्बन-१४ वरून मोजलं. 

नव्याची खरी घाई रक्तात असते. तांबड्या पेशीला केंद्रक नसल्याने झीज भरून काढता येत नाही, आणि ती साधारण १२० दिवस टिकते. म्हणून अस्थिमज्जा दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या पेशी तयार करते. रक्तदानानंतर पेशी काही आठवड्यांत भरून येतात. पिशवीबरोबर गेलेलं लोह भरायला जास्त वेळ लागतो. म्हणून पुरुषांना ९० दिवसांचं आणि स्त्रियांना १२० दिवसांचं अंतर.

पण नुसत्या लोहावर भागत नाही, हे कळलं मुंबईत. १९२८ मध्ये ब्रिटिश डॉक्टर ल्युसी विल्स परळच्या हाफकिन संस्थेत आल्या. गिरणीकामगार बायकांना गरोदरपणात जीवघेणा पंडुरोग होत होता. त्यांच्या रक्तात तांबड्या पेशी थोड्या होत्या आणि होत्या त्या नेहमीपेक्षा मोठ्या. मज्जेतली पेशी वाढायची, पण डीएनए पुरेसं बनत नसल्याने तिचं विभाजन अडायचं. डीएनएचं हे कारण पुढे उलगडलं. विल्सबाईंचं लक्ष या बायकांच्या ताटाकडे गेलं. त्यात भाजी-फळं फारच कमी. माकडांना तसाच आहार देऊन त्यांनी आजार घडवला आणि यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, तो बरा केला. मग बायकांनाही तेच दिलं आणि त्या सुधारल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. ‘पर्निशियस ॲनिमिया’ या वेगळ्या पंडुरोगावर चालणाऱ्या यकृताच्या शुद्ध अर्काचा या बायकांच्या आजारात उपयोग होत नाही, हेही त्यांनी पुढे दाखवलं. म्हणजे उणीव दुसऱ्याच कशाची तरी होती. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो पदार्थ वेगळा काढला गेला: फॉलिक ॲसिड. १९४५ मध्ये भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बारावांच्या गटाने ते प्रयोगशाळेत बनवलं.

सुब्बारावांचा गौरव व्हायलाच हवा. पण मुंबईतच एवढं मोठं काम करून गेलेल्या विल्सबाईंचं नाव आपल्याकडे क्वचितच निघतं, याचं मला वाईट वाटतं. गरोदर बाईला घाटी रुग्णालयात तपासणीला आल्यावर किंवा गावात आशाताईंकडून मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोहाबरोबर ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, ते या कामामुळे. हेच पालेभाज्यांतूनही मिळतं, पण मेथी-पालक फार वेळ उकळून पाणी फेकलं, तर त्यातलं बरंचसं फोलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडचं नैसर्गिक रूप, त्या पाण्याबरोबर मोरीत जातं.