पाचबोटी बुटांची निवड : दावे, पुरावे आणि विवेक

प्रस्तावना :
१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिला याने मॅरेथॉन शर्यत अनवाणी धावून २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत जिंकली. १९६४ मध्ये टोकियो येथे त्याने तीच शर्यत बूट घालून पुन्हा जिंकली आणि वेळही सुमारे तीन मिनिटांनी कमी नोंदवली. धावण्यात पादत्राणाचा वाटा किती आणि पावलाच्या घडणीचा किती, हा प्रश्न तेव्हापासून चर्चेत आहे. पाचही बोटांना स्वतंत्र कप्पे असलेले, पातळ तळाचे बूट बाजारात आल्यानंतर या चर्चेला व्यावहारिक महत्त्व प्राप्त झाले. असे बूट निवडताना कोणते निकष लावावेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

स्वरूप :
या बुटांची मूळ कल्पना रॉबर्ट फ्लिरी या इटालियन रचनाकाराची होय. बुटांचे रबरी तळ बनविणाऱ्या ‘व्हिब्रम’ या इटालियन कंपनीने ती ‘फाइव्हफिंगर्स’ या नावाने बाजारात आणली. २००७ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने वर्षातील उल्लेखनीय शोधांत तिचा समावेश केला. धावण्याच्या प्रचलित बुटात टाचेखाली जाड गादी असते व टाच चवड्यापेक्षा साधारणतः ८ ते १२ मिलिमीटर उंच राहते. पाचबोटी बुटात ही गादी जवळजवळ नसते आणि टाच व चवडा एकाच पातळीत असतात. २०१५ मध्ये ११ देशांतील ४२ तज्ज्ञांनी व्यापक सहमतीने अशा ‘मिनिमलिस्ट’ पादत्राणांचे पाच निकष निश्चित केले : वजन, तळाची जाडी, टाच व चवडा यांच्या उंचीतील फरक, लवचिकता आणि पावलाच्या हालचालीला आवर घालणाऱ्या आधारांचा अभाव. बोटांचे कप्पे हा त्यांतील निकष नाही, हे लक्षणीय आहे. म्हणून केवळ कप्पे पाहून बुटाची पारख करणे योग्य ठरत नाही.

दावे व पुरावे :
२०१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील डॅनियल लीबरमन व सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमी अनवाणी धावणारे लोक बहुधा चवड्यावर उतरतात आणि त्यामुळे पाऊल टेकताना बसणारा आघात टाचेवर उतरणाऱ्यांच्या तुलनेत कमी असतो, असे त्यात आढळले. मात्र दुखापती कमी होतात, हे त्या अभ्यासाने सिद्ध केले नव्हते. पुढे २०१३ मध्ये उत्तर केनियातील डासानाच समाजाच्या अभ्यासात, अनवाणी वावरणारे अनेक जण सावकाश धावताना टाचेवरच उतरतात, असे दिसून आले. म्हणजेच बूट काढल्याने वा बदलल्याने धावण्याची पद्धत आपोआप बदलेल, असे गृहीत धरता येत नाही.

२०१३ मध्येच अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठातील संशोधकांनी ३६ अनुभवी धावपटूंचा १० आठवडे अभ्यास केला. पाचबोटी बुटांकडे वळलेल्या १९ पैकी १० जणांच्या पावलांतील हाडांत, मज्जेच्या सुजेची वाढ एम. आर. आय. तपासणीत आढळली. नेहमीचेच बूट वापरणाऱ्यांत हे प्रमाण अत्यल्प होते. आरोग्यविषयक दाव्यांवरून अमेरिकेत दाखल झालेला खटला व्हिब्रमने २०१४ मध्ये, दोष मान्य न करता, ३७.५ लाख डॉलरच्या तडजोडीने मिटविला.

या पुराव्यांचा अर्थ बूट घातक आहेत, असा नव्हे. चवड्यावर उतरल्याने गुडघ्यावरील भार कमी होतो, तर पोटरी, टाचेमागील कंडरा व चवड्यातील लांब हाडे यांवरील भार वाढतो. भार नाहीसा होत नाही, त्याची जागा बदलते. स्नायू या बदलाशी तुलनेने लवकर जुळवून घेतात. हाडे व कंडरा यांना मात्र अधिक काळ लागतो. दुखापतीचे मूळ या तफावतीत आहे.

निवडीचे निकष :
(१) माप : दोन्ही पावले उभ्याने, शक्यतो सायंकाळी मोजावीत आणि मोठ्या पावलाचे माप ग्राह्य धरावे. टाच मागे नीट टेकावी, प्रत्येक बोट कप्प्यात पूर्ण शिरावे. पण टोकाला दाबले जाऊ नये. दुसरे बोट अंगठ्यापेक्षा लांब असल्यास किंवा बोटे जुळलेली असल्यास हे बूट बहुधा नीट बसत नाहीत. अशा वेळी बोटांपाशी रुंद, परंतु कप्पे नसलेला पातळ तळाचा बूट निवडावा.
(२) उपयोग : व्यायामशाळा व सपाट मैदान यांसाठी पातळ तळ पुरेसा असतो. खडकाळ वा काटेरी वाटांसाठी खाचांचा, तुलनेने जाड तळ आवश्यक आहे.
(३) स्वच्छता : बोटांच्या बेचक्यांत घाम साचतो. त्यामुळे धुता येणारे कापड व बोटांचे मोजे यांचा विचार करावा.
(४) प्रकृती : मधुमेहामुळे पावलांची संवेदना कमी झालेल्यांनी हे बूट टाळावेत. टाचेचे वा कंडरेचे दुखणे असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय ते वापरू नयेत.

संक्रमणकाल :
प्रारंभी काही आठवडे हे बूट केवळ चालण्यासाठी वापरावेत. त्यानंतर नेहमीच्या धावण्यातील अल्प अंतर त्यांत धावावे आणि उरलेले जुन्या बुटांत पूर्ण करावे. हे अंतर महिनोन्‌महिने हळूहळू वाढवणे इष्ट होय. पोटऱ्या भरून येणे स्वाभाविक आहे. परंतु पावलाच्या वरच्या बाजूस एकाच जागी टिकून राहणारी वेदना हाडाला तडा जात असल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी धावणे तत्काळ थांबवून तपासणी करून घ्यावी.

निष्कर्ष :
पाचबोटी बूट हे पावलाला बळ देणारे औषध नाही, तसेच ते निव्वळ फॅडही नाही. पावलाचे काम पावलाकडे परत सोपविणारे ते साधन आहे. ते काम पेलण्यास पाऊल किती तयार आहे, हा निवडीचा पहिला निकष ठरतो. विद्यार्थ्यांना सल्ला देणाऱ्या शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकांनी म्हणूनच कोणता बूट घ्यावा, याआधी त्यासाठी किती महिने देता येतील, हे विचारणे अधिक उचित होय.