डेपोच्या कुंपणाबाहेरचे प्रश्न

मागच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी मला दाराशी गाठून विचारलं, "सर, देशाच्या संरक्षणाच्या गोष्टी अशा चव्हाट्यावर बोलाव्यात का?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला दिल्लीला जायची गरज नाही, आपल्या जिल्ह्यातलं पुलगाव पुरे.

३१ मे २०१६. नवतपा चालू होता. मध्यरात्रीनंतर पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारात, म्हणजे आपण ज्याला नुसतं 'डेपो' म्हणतो तिथे, आग लागली आणि स्फोट झाले. आगरगाव, नागझरीकडची माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी घराबाहेर पडली. १९ जण गेले. त्यांत दोन लष्करी अधिकारी होते आणि आग विझवायला पुढे सरसावलेले डेपोचेच अग्निशामक व सुरक्षा जवान होते. पुढे जे जाहीर झालं, त्यात बोट गेलं ते रणगाडाविरोधी सुरुंगांकडे. त्यांतून टीएनटी पाझरत होतं.

आता हे पाझरणं म्हणजे काय? शुद्ध टीएनटी साधारण ८० अंशांना वितळतं. आपला उन्हाळा कितीही कडक असला तरी तिथवर जात नाही. पण बनवताना शुद्धीकरण नीट झालं नाही, तर त्यात त्याचीच भावंडं म्हणावीत अशी संयुगं राहून जातात. हे मिश्रण बरंच आधी पातळ होतं, तेलासारखं फटींतून बाहेर येतं आणि धोका वाढवतं. यात गुपित काहीच नाही. पहिल्या महायुद्धापासून रसायनशास्त्रज्ञांना हे ठाऊक आहे.

मग गुपित काय? कोणत्या शेडमध्ये किती सुरुंग, हे गुपित. ते तसंच राहावं, मी त्याच्या बाजूने आहे. पण दोष आढळलेला माल वेगळा ठेवला का, शेवटची तपासणी कधी झाली, रात्री गाव हलवायची वेळ आली तर गाड्या कुठून येणार? हे विचारलं तर शत्रूच्या हाती काय लागतं? कुणी म्हणेल, तपासणीच्या तारखेवरूनही साठ्याची अवस्था कळते. त्यात थोडं तथ्य आहे, मान्य. तर तारीख सांगू नका. तपासणी ठरल्याप्रमाणे झाली की नाही, एवढं सांगा.

कांटने १७९५ साली 'चिरंतन शांतता' या निबंधात एक कसोटी दिली. दुसऱ्यांच्या हक्कांशी संबंधित असलेली कृती ज्या तत्त्वावर चालते, ते तत्त्व उघड सांगता येत नसेल तर ती कृती अन्याय्य समजावी. बघा, तो प्रत्येक तपशील उघड करा म्हणत नाही. तो म्हणतो, तत्त्व उघड असू द्या.

ही कसोटी मला आठवली ती २० नोव्हेंबर २०१८ ला. सोनेगाव (आबाजी) जवळ जुना दारूगोळा नष्ट करायचं काम चालू होतं. स्फोट झाला, सहा जण गेले. त्यांत आसपासच्या खेड्यांतून कंत्राटदाराकडे रोजीवर गेलेले मजूर होते. पेटीत काय आहे, ती किती जपून उतरवायची, हे डोक्यावर पेटी घेणाऱ्याला कुणी समजावून सांगितलं होतं का? त्याच्यापासून लपवायचं, तर मग आपल्या हिशेबात तो कोणत्या बाजूचा?

कायदा इथे आपल्या समजुतीपेक्षा उदार आहे. माहिती अधिकार कायदा, २००५, कलम ८(१)(क) मध्ये सुरक्षेच्या कारणाने माहिती नाकारता येते, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. लगेच खालचं ८(२) कुणी वाचत नाही! १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्यात काहीही असलं, तरी सार्वजनिक हित संभाव्य हानीपेक्षा भारी ठरत असेल तर माहिती देता येते, असं तिथे लिहिलंय. भारी ठरतं की नाही, हे मात्र अर्जदाराला पटवून द्यावं लागतं. नुसतं "सर्व माहिती द्यावी" लिहिलं की अर्ज परत येतो.

म्हणून पुढच्या वेळी आपण असा एक अर्ज ओळीओळीने लिहून बघू. डेपोच्या शेजारी ज्यांच्या जमिनीवर बांधकामाचे निर्बंध असतील, त्यांनी आपले कागद सोबत आणावेत.