‘ढ’ हा शिक्का पुसू या : डिस्लेक्सिया समजून घेताना

तोंडी प्रश्नाचे उत्तर चटकन देणारे मूल धडा मोठ्याने वाचायची वेळ आली की अडखळते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत गल्लत होते, जोडाक्षरे अडतात, काना-मात्रा गळतात. अशा मुलाला आपल्याकडे दोनच शब्द ऐकवले जातात : ‘ढ’ आणि ‘आळशी’. आपल्या वस्तीतल्या मुलाच्या वाट्याला तिसरा टोमणाही येतो, जातीवरून. ‘यांच्या घरात शिक्षणच नाही’ असे म्हणून शाळा मोकळी होते आणि खरे कारण शोधायचे राहून जाते. ते कारण डिस्लेक्सिया असू शकते.

डिस्लेक्सिया म्हणजे काय?

अक्षर आणि त्याचा ध्वनी यांची सांगड घालण्याची मेंदूची पद्धत वेगळी असल्याने वाचन व शुद्धलेखन कष्टाचे होते, त्याला डिस्लेक्सिया म्हणतात. तो बुद्धीचा किंवा डोळ्यांचा दोष नाही. अनेकदा तो एकाच घरातल्या पिढ्यांमध्ये आढळतो. त्यावर औषध नाही. मात्र ध्वनी, अक्षर, शब्द अशा टप्प्यांनी नीट शिकवले तर वाचन सुधारते.

१८९६ मध्ये डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १४ वर्षांच्या पर्सी या मुलाची हकिकत मांडली. मुलगा हुशार, पण वाचता येईना. सगळे शिक्षण तोंडी असते तर हाच शाळेत पहिला ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते.

आपल्याला चूळपंथक थेरांची कथा ठाऊक आहे. चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, म्हणून थोरले बंधू महापंथक यांनी त्यांना परत जायला सांगितले. भगवान बुद्धांनी मात्र त्यांच्या हाती एक स्वच्छ वस्त्र दिले आणि ‘रजोहरणं’ म्हणत ते चोळायला सांगितले. वस्त्र मळत गेले, त्यातून अनित्यता उमगली आणि ते अर्हत झाले. त्यांना डिस्लेक्सिया होता, असे आम्ही म्हणत नाही. शिष्य तोच राहिला, शिकवण्याची रीत बदलली, एवढे मात्र यातून नक्की घेता येते.

ओळख म्हणून स्वीकार

२००९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या कॅरोल ग्रायडर यांना शाळेत स्पेलिंगसाठी वेगळ्या वर्गात बसवले जाई आणि त्या स्वतःला मठ्ठ समजत. अशी उदाहरणे बळ देतात. पण प्रत्येक डिस्लेक्सिक मूल नोबेल मिळवणार नाही, आणि मान मिळण्यासाठी ती अट असूही नये. ‘मी डिस्लेक्सिक आहे, मला ऐकून लवकर समजते, वाचायला वेळ लागतो’ असे संकोच न करता सांगता येणे, हाच खरा स्वीकार. १९५६ मध्ये आपल्या आधीच्या पिढीने इतरांनी लादलेली ओळख टाकून स्वतः निवडलेली ओळख ताठ मानेने लावली. नाव बदलल्याने माणूस स्वतःकडे कसा पाहू लागतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

हक्क आणि आपले काम

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ येते. डिस्लेक्सिया त्यातच मोडतो. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांतील ५ टक्के आणि शासकीय नोकऱ्यांतील ४ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करता येतो. परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मागता येतो. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत हा वेळ तासाला किमान २० मिनिटे ठरवला होता. ‘आधीच सवलती घेता, आणखी किती?’ असे कोणी म्हणेल. हा कायद्याने दिलेला हक्क आहे, हे त्याला शांतपणे सांगावे.

अभ्यासिका आणि विहारातले वर्ग चालवणाऱ्या कार्यकर्त्यांनी एवढे तरी करावे : कोणत्याही मुलाला सर्वांसमोर जबरदस्तीने वाचायला लावू नये. धडे मोबाईलवर रेकॉर्ड करून द्यावेत. उत्तर तोंडीही स्वीकारावे. शंका वाटल्यास पालकांना सोबत घेऊन शासकीय रुग्णालयात तपासणीची चौकशी करावी आणि मूल ज्या भाषेत शिकते त्याच भाषेत चाचणी व्हावी, असा आग्रह धरावा. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांमध्येही असे काही जण असतील, ज्यांना आपल्या अडचणीचे नाव अजून कोणी सांगितलेले नाही. त्यांच्याशी आजच बोलू या.