दोन इंजिनांच्या बोटीत एक ‘मिसिंग’ मारतंय? आधी दुसऱ्या इंजिनाला विचारा

(हा भागाचा लेखी मसुदा आहे. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

[००:००] आजचा विषय

मागचे काही भाग आपण सर्व्हर, लॉग आणि डीबगिंगवर बोललो. आज तीच पद्धत पाण्यावर लावून बघू. निमित्त आहे डोंबिवलीहून आलेला एक मेल. चार मित्रांनी मिळून एक छोटी बोट घेतली आहे, तिच्या मागे पेट्रोलची दोन आउटबोर्ड इंजिनं आहेत. बोट घोडबंदरच्या बाजूला खाडीत असते. पावसाळाभर ती झाकून ठेवली होती. बाहेर काढली तर डावं इंजिन थरथरतं, थ्रॉटल दिला की अडखळतं, मधेच दम टाकतं. मेकॅनिक म्हणतो, दोन्ही इंजिनांचे इंजेक्टर बदलून टाका. खर्च मोठा आहे, आणि दिवाळीत घरच्यांना घेऊन फेरी मारायचं ठरलंय. आता काय करायचं?

मी सॉफ्टवेअरवाला आहे, बोटीचा मिस्त्री नाही. त्यामुळे इंजिन उघडायचं कसं हे मी सांगणार नाही. दोष कुठे आहे हे शोधायची पद्धत सांगतो. तिचं सार एका वाक्यात: दोन इंजिनांच्या बोटीत दुसरं इंजिन ही तुमची मोजपट्टी आहे. एका इंजिनाच्या बोटवाल्याला ‘नीट चालणारं इंजिन कसं असतं’ हे आठवून ताडावं लागतं. तुमच्याकडे ते शेजारीच चालू आहे: तेच मॉडेल, तेवढंच वय, तेच पाणी, तीच हवा.

[०२:१०] आधी जीव, मग इंजिन

ठाण्याला दोन बाजूंनी खाडी आहे. पूर्वेला ठाणे खाडी, उथळ आणि चिखलाची. उत्तरेला उल्हास नदी, जी पुढे वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. कल्याण–ठाणे–मुंबई हा जलमार्ग २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ झाला. कागदावर जलमार्ग असला तरी भरती-ओहोटीचा ओढ तोच आहे. ओहोटीत इंजिन बंद पडलं तर बोट पाणी नेईल तिकडे जाते, आणि वाटेत पुलांचे खांब असतात. म्हणून चाचणीला निघताना सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट हवं, किल-स्विचची दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेली हवी, आणि नांगर दोरीसकट हाताशी मोकळा हवा. वेळ भरतीची निवडा.

जागाही मोकळी निवडा. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात नौदलाची एक बोट इंजिनाची चाचणी घेत होती. इंजिनातल्या बिघाडाने ताबा सुटला, असं नौदलाने सांगितलं. ती बोट गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. ज्या इंजिनावर आपला भरवसा नाही, त्याची परीक्षा वर्दळीत घ्यायची नाही. आणि त्या फेरीला मुलंबाळं, पाहुणे कुणी नकोत.

इंजिन बोटीच्या पोटात असेल तर आणखी एक गोष्ट. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते. सुरू करण्याआधी ब्लोअर किमान ४ मिनिटं चालवा आणि नाकाने वास घ्या. वास आला तर चावी फिरवायची नाही.

[०४:३०] पहिला प्रश्न: एक की दोन्ही?

कुठलाही पाना हातात घेण्याआधी हे ठरवा. एकच इंजिन अडखळत असेल तर दोष त्या इंजिनाच्या स्वतःच्या वस्तूंत आहे: त्याचे प्लग, कॉइल, इंजेक्टर, त्याची इंधनाची नळी, त्याचा पंखा. दोन्ही एकाच दिवशी बिघडली असतील तर दोन वेगळे आजार एकदम झाले असं मानू नका. दोघांत सामाईक काय आहे ते बघा: टाकी, टाकीची हवेची नळी, एकच फिल्टर असेल तर तो, बॅटरी, बोटीच्या तळाला चिकटलेली शंख-शेवाळाची पुटं.

यात एक फसवा प्रकार आहे. दोन्ही इंजिनं ठणठणीत असतात, तरी बोट ‘व्वाँऽ… व्वाँऽ’ अशी लयीत थरथरते. तंबोरा जुळवताना जोडीच्या दोन तारा किंचित वेगळ्या असल्या की आवाजात लाटा ऐकू येतात आणि तारा जुळल्या की त्या विरतात, तसंच हे. एक इंजिन ३००० आरपीएमवर आणि दुसरं ३०६० वर असेल, तर सेकंदाला ५० आणि ५१ फेरे झाले. फरक एका फेऱ्याचा, म्हणून दर सेकंदाला एक हेलकावा. दोन्ही थ्रॉटल हळूच जुळवा. थरथर गेली तर दोष नव्हताच, केबल जुळवून घ्या. एकेक इंजिन एकटं चालवून बघितलं की हे लगेच कळतं.

[०६:५०] दुसरा प्रश्न: कधी अडखळतं?

वहीत लिहा. थंड असताना की गरम झाल्यावर? नुसतं आयडलिंगला की लोडवर? किती आरपीएमला? हा तुमचा लॉग. न्यूट्रलमध्ये गुळगुळीत चालतं आणि गिअर टाकला की बोट हादरते, तर पंखा बघा. आपल्या खाड्यांत प्लास्टिक, जाळ्याचे तुकडे, आणि कल्याणच्या वरच्या अंगाला उल्हास नदीत जलपर्णी. पंख्याच्या शाफ्टला गुंडाळलेली एक नायलॉनची दोरी हजारोंचे इंजेक्टर बदलायला लावू शकते. आरपीएम चढतो पण बोट पुढे सरकत नाही, असं असेल तर पंख्याच्या आतलं रबराचं बुश सुटलेलं असू शकतं.

आणि ती पाण्याची धार बघा. आउटबोर्डच्या मागून बारीक धार पडते, ती इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची खूण. दोन्ही धारा शेजारी शेजारी दिसतात, म्हणजे तुलना फुकट. एक धार बारीक असेल तर ओहोटीच्या चिखलात पाणी ओढायची जाळी तुंबली असेल किंवा पंपाचा रबरी इम्पेलर झिजला असेल. आताची इंजिनं तापली की स्वतःच ताकद कमी करतात. आपल्याला वाटतं इंजिन बिघडलं, प्रत्यक्षात ते जीव वाचवत असतं.

[०९:००] इंधन: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

पावसाळ्यानंतर उभी बोट अडखळली की माझा पहिला संशय पेट्रोलवर. आता आपल्या पंपांवर सर्रास ई-२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. २०२२ मध्ये आपण १० टक्क्यांवर होतो, २०२५ मध्ये २० वर पोचलो. बहुतेक मोठ्या आउटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तिकेत मात्र १० टक्क्यांपर्यंतच परवानगी असते. तुमची पुस्तिका काढून बघा.

इथेनॉल पाणी शोषतं. स्कूटरची टाकी आठवड्यात रिकामी होते, म्हणून तिथे फारसं जाणवत नाही. बोटीची टाकी मात्र हवेच्या नळीने बाहेरच्या हवेला उघडी असते आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत तीन-चार महिने उभी राहते. पेट्रोलमध्ये विरघळलेलं पाणी एका मर्यादेपर्यंत निमूट राहतं. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र येऊन तळाशी बसतात, आणि इंजिनाची नळी नेमकी तळातूनच ओढते. वरचं पेट्रोल हलवून ते परत एकजीव होत नाही. ते काढूनच टाकावं लागतं.

तपासणी सोपी. पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरमधलं पेट्रोल एका स्वच्छ काचेच्या बरणीत ओता आणि पंधरा-वीस मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर चोर सापडला. हे दोन्ही इंजिनांच्या फिल्टरांसाठी करा आणि बरण्यांवर ‘डावं’, ‘उजवं’ असं लिहा.

नंतर टाकीचं झाकण थोडं सैल करून इंजिन चालवा. लगेच सुधारलं तर हवेची नळी तुंबली आहे. उभ्या बोटीच्या नळीत कुंभारमाशी मातीचं घर करते, हे कारण हसण्यावारी नेऊ नका. रबरी प्रायमर बल्बही बोलतो. इंजिन अडखळताना बल्ब दाबून बघा. दाबल्यावर सुधारलं तर इंधन कमी पोचतंय. बल्ब आत ओढला जाऊन चपटा होत असेल तर अडथळा बल्बच्या अलीकडे, म्हणजे टाकीच्या बाजूला आहे.

सगळ्यात निर्णायक चाचणी म्हणजे वेगळी छोटी टाकी. त्यात ताजं पेट्रोल आणि नवी नळी, आणि तेवढं एकच इंजिन त्यावर चालवा. सुधारलं तर दोष बोटीच्या इंधन व्यवस्थेत. तसंच अडखळलं तर दोष इंजिनात. एका चाचणीत अर्धं जग वगळलं गेलं. सॉफ्टवेअरवाल्यांनो, हे आपलं बायनरी सर्च.

[१२:४०] अदलाबदल: दोष वस्तूबरोबर गेला का?

आता दुसऱ्या इंजिनाचा खरा उपयोग. डाव्याच्या पहिल्या सिलेंडरची कॉइल काढून उजव्याला लावा, उजव्याची डाव्याला. पार्ट नंबर एकच असायला हवा. अडखळणं उजवीकडे गेलं तर कॉइल दोषी. डावीकडेच राहिलं तर कॉइल निर्दोष, पुढे चला. मग प्लग. मग, टाक्या वेगळ्या असतील तर, इंधनाची जोडणी. नियम एकच: एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि इंजिन सुधारलं, तर काय बिघडलं होतं हे कळत नाही. महिन्याभराने तोच दोष परत येतो.

प्लग काढले की क्रमाने पुठ्ठ्यावर मांडा. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी किंवा जास्त ताप. पेट्रोलने ओला म्हणजे ठिणगी पडत नाही. पाण्याचे थेंब किंवा गंज दिसला तर थांबा. आत पाणी शिरतंय, आता मिस्त्रीच हवा.

कुठला सिलेंडर काम करत नाही हे बघायला काही जण चालू इंजिनाची वायर हाताने उपटतात. तसं करू नका, आताच्या कॉइलचा झटका जबरदस्त असतो. इंजिन बंद करून एका सिलेंडरच्या इंजेक्टरची जोडणी काढा, मग सुरू करा. आरपीएम पडला तर तो सिलेंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर आळशी तोच.

काय अदलाबदल करायचं नाही तेही ऐका. दोन इंजिनांचे पंखे बरेचदा उलट दिशांनी फिरतात, म्हणजे बोट एका बाजूला ओढली जात नाही. ते आपसांत बदलता येत नाहीत. पोटातल्या जोडइंजिनांतही एक उलट फिरणारं असू शकतं.

शेवटी कॉम्प्रेशन. आकडा केवढा यापेक्षा सिलेंडरांतला फरक महत्त्वाचा. एखादा बाकीच्यांपेक्षा १०–१५ टक्क्यांहून जास्त खाली असेल तर आतलं काम निघालं.

डिझेलवाल्यांसाठी दोन वाक्यं: प्लग नाहीत, म्हणून धूर बघा. काळा म्हणजे हवा कमी किंवा लोड जास्त, पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा पाणी, निळसर म्हणजे ऑइल जळतंय.

[१५:३०] मग इंजेक्टर बदलायचे का?

मेलमधल्या माहितीवर माझं उत्तर: अजून नाही. उजवं इंजिन चांगलं चालतंय, तर दोन्हीचे इंजेक्टर कशाला? आधी बरणी, मग छोटी टाकी, मग अदलाबदल. आणि मेकॅनिकशी भांडू नका. वही आणि दोन बरण्या घेऊन त्यांच्याकडे जा आणि म्हणा, ‘दादा, आम्ही एवढं बघितलं, आता पुढे तुम्ही सांगा.’ चांगल्या मिस्त्रीला अशी वही आवडते, त्याचा अर्धा दिवस वाचतो. इंजेक्टरच निघाले तर तेही अदलाबदलीत दिसेल, मग पैसे द्यायला हरकत नाही.

[१६:४०] दोन इंजिनं, पण पोट एक

लोक दोन इंजिनांची बोट घेतात ती भरवशासाठी. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी येऊ. ते खरं आहे, पण अर्धंच. दोन्ही इंजिनं एकाच टाकीतून, एकाच फिल्टरमधून, एकाच पंपावर भरलेलं पेट्रोल पीत असतील, तर खराब पेट्रोलने दोन्ही पाच मिनिटांच्या अंतराने बंद पडतील. आमच्याकडे दोन सर्व्हर लावून डेटाबेस एकच ठेवतात, तसं हे. एक अडखळायला लागलं तर पहिला विचार ‘दुसरं आहे ना’ हा नको. ‘दुसऱ्यालाही हेच होणार आहे का?’ हा हवा.

म्हणून प्रत्येक इंजिनाला वेगळा फिल्टर लावा, जमलं तर वेगळी टाकी. बोट पावसाळ्यात उभी करण्याआधी टाकी रिकामी करून घ्या. आणि एकदा, भरतीच्या वेळी, मोकळ्या पाण्यात, मुद्दाम एकाच इंजिनावर बोट चालवून बघा. बंद इंजिन वर उचला आणि चालू इंजिन मध्यम आरपीएमवर ठेवा. बोट एका बाजूला ओढेल, वळायला जड जाईल. किनाऱ्याला लावून बघा. मग डावं बंद, उजवं चालू. हा सराव झाल्याशिवाय घरच्यांना बोटीवर घ्यायचं नाही, मग दिवाळी पुढे ढकलावी लागली तरी चालेल.

तुमच्या बोटीचा, गाडीचा, पंपाचा असाच काही किस्सा असेल तर वहीसकट पाठवा. पुढच्या भागात भेटू.