काम, यंत्र आणि बोलणं (लेखांक ६) : धूर आधी कुणाला दिसतो?

गेल्या आठवड्यात आपण ई-ऑफिसमधली फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कशी सरकते ते पाहिलं. आज ज्या कामाच्या जागेला भिंतीच नाहीत तिथे जाऊ. पारशिवनी तालुक्याचा उत्तरेकडचा जंगलपट्टा पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो. १९७५ साली हे राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९९९ मध्ये व्याघ्र प्रकल्प. वनरक्षक आपल्या बीटमध्ये, वनपाल राउंडवर, आरएफओ परिक्षेत्राच्या मुख्यालयी आणि मोठे साहेब नागपुरात, अशी इथली माणसं विखुरलेली. आतल्या भागात मोबाइलला रेंज नाही. म्हणजे एकाच खात्यातल्या चार माणसांनी एकमेकांशी बोलायचं कसं, हाच इथल्या कामाचा निम्मा प्रश्न.

जुनं उत्तर होतं डायरी, निरोप आणि पुढे वायरलेस सेट. हर्बर्ट कॉफमन या अमेरिकन अभ्यासकाने तिथल्या वनसेवेवर १९६० साली एक पुस्तक लिहिलं. दूरवर एकटा काम करणारा रेंजर वरिष्ठांच्या मनासारखाच कसा वागतो, असा त्याचा सवाल होता. रेंजरची रोजची डायरी हा त्याला सापडलेल्या उत्तरांचा एक भाग. पण डायरीत शब्द लिहिणाऱ्याचे असतात. काय सांगायचं, किती सांगायचं, हे थोडंफार त्याच्या हातात राहतं.

‘एम-स्ट्राइप्स’ने तो हात सैल केला. गस्तीची नोंद ठेवणारी ही प्रणाली २०१० पासून व्याघ्र प्रकल्पांत आली. वनरक्षक मोबाइलवर ॲप सुरू करून चालायला लागतो. रेंज नसली तरी जीपीएस त्याची वाट टिपत जातो. पगमार्क, विष्ठा, फासा, तोडलेलं झाड, जे दिसेल ते जागेसकट नोंदवलं जातं आणि नेटवर्कमध्ये आल्यावर वर पोचतं. कोणत्या कंपार्टमेंटमध्ये कुणाचे पाय लागलेच नाहीत, हे साहेबाला नकाशावर दिसतं. याचा फायदा निर्विवाद आहे. रात्रंदिवस राबणाऱ्या माणसाच्या श्रमांना पहिल्यांदाच पुरावा मिळाला. मात्र ‘मी काय पाहिलं’ हे सांगण्याऐवजी ‘मी कुठे होतो’ हे दाखवणं वजनदार ठरू लागतं, तेही खरं.

आगीच्या बातमीत हा बदल सर्वांत ठळक दिसतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आगीचा हंगाम. पूर्वी धूर आधी दिसायचा बीटवरच्या माणसाला, नाहीतर गावकऱ्याला; मग बातमी पायऱ्या चढत वर जायची. २००४ पासून डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांनी टिपलेल्या आगींची माहिती राज्यांना देऊ लागली. आता ती एसएमएसने थेट वनरक्षकापर्यंतही येते. मोडिस या संवेदकाचा एक ठिपका सुमारे एक किलोमीटरचा, नंतर आलेल्या व्हिअर्सचा ३७५ मीटरचा. पण उपग्रह डोक्यावरून जाईल तेव्हाच त्याला दिसणार, तोवर काही तास गेलेले. म्हणून २०२४ मध्ये किरंगीसर्राच्या टेकडीवर मनोऱ्यावर कॅमेरा बसला. ब्राझीलमध्ये तयार झालेली ‘पँटेरा’ ही प्रणाली कृत्रिम बुद्धिमत्तेने धूर ओळखते. सुमारे १५ किलोमीटरपर्यंत तिची नजर जाते आणि साधारण तीन मिनिटांत इशारा मिळतो.

तीन मिनिटं! इथे थोडं थांबू, कारण वेगाच्या कौतुकात एक गोष्ट निसटते. बातमीची दिशाच उलटली आहे. कालपर्यंत खालचा माणूस वर सांगायचा, ‘साहेब, धूर दिसतोय.’ आता वरून खाली प्रश्न येतो, ‘तुझ्या बीटमध्ये धूर आहे, तू कुठे आहेस?’ बातमी देणारा उत्तर देणारा झाला. दोन्ही वाक्यांत माहिती एकच असली तरी माणसाची जागा बदलली.

रिचर्ड डॅफ्ट आणि रॉबर्ट लेंगेल यांनी १९८० च्या दशकात कार्यालयीन संवादाबद्दल एक उपयोगी फरक मांडला. एक अडचण माहिती नसण्याची असते, दुसरी एकाच माहितीचे अनेक अर्थ निघण्याची. पहिली अडचण आकडे, नोंदी, संदेश यांनी सुटते. दुसरीला समोरासमोर, निदान आवाजाने, बोलावं लागतं. पेंचमधला धूर दुसऱ्या प्रकारात मोडतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं स्वच्छ वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. कुणी शेताचा धुरा पेटवतो, कुणी पऱ्हाट्या. कॅमेऱ्याला हा सगळा धूरच. तो कुठल्या झाडाखालचा, ती आग वाऱ्याने जंगलात शिरेल का, आणि त्या गावात जाऊन दम द्यायचा की समजूत घालायची, हे बीटवरच्या माणसाला ठाऊक. ते विचारायला वायरलेसवर दोन मिनिटं लागतात, आणि ती वाचवण्यात काहीच शहाणपण नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल वेगळं काय सांगावं! आग विझवल्याचा फोटो, खाली अंगठ्यांची रांग. त्या बीटला ब्लोअर मिळाला होता का, पाणी कुठून आणलं, पुढच्या वर्षी जाळरेषा कुठे काढायची, हे त्या रांगेत कुणी विचारत नाही. ही यंत्राची चूक मी मानत नाही. मासिक बैठकीत नकाशा भिंतीवर लावून आधी वनरक्षकाला बोलू दिलं, तर तीच नोंद संवादाची सुरुवात होईल. साहेबानेच नकाशा वाचून दाखवला, तर ती हजेरी.

पुढच्या लेखांकात अंगणवाडी सेविकांकडे वळू. २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं होतं, ते का, हे पाहू. तुमच्या खात्यात ॲप आल्यावर कोण जास्त बोलू लागलं आणि कोण गप्प झालं, हे तोवर जरूर आठवून ठेवा.